गोळीतून वाचलेलं यीस्ट

काचेच्या बारीक नळीत अर्धा मिलिलिटर सीरम घ्यायचं, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारं पिवळसर पाणी. ताटलीत वाढवलेल्या मलईच्या रंगाच्या वसाहतीला सुईचं टोक लावून दिसेल न दिसेल इतका कण त्यात सोडायचा आणि नळी 37 अंशांवर ठेवून द्यायची. दोन-अडीच तासांनी त्यातला थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, की मघाशी गोल दिसणाऱ्या पेशींना सरळ, बारीक कोंब फुटलेले असतात. मोड आलेली मटकीच जणू. प्रयोगशाळेत याला ‘जर्म ट्यूब टेस्ट’ म्हणतात. कोंब दिसले, की अहवालात बहुतेक वेळा एकच नाव लिहिलं जातं: कॅन्डिडा अल्बिकन्स.

हे यीस्ट बाहेरून आलेला शत्रू नव्हे. कित्येक धडधाकट माणसांच्या तोंडात, आतड्यात, योनिमार्गात ते मुकाट राहत असतं. अँटिबायोटिकच्या लांबलेल्या कोर्समुळे आजूबाजूचे जिवाणू मेले, मधुमेह बळावला, केमोथेरपीने पांढऱ्या पेशी घटल्या किंवा आयसीयूत शिरेत नळी घातली गेली, की त्याला वाट मिळते. कोंबांचे लांब तंतू होतात आणि ते शरीराच्या आतल्या अस्तरात घुसतात. हे तंतू एक विषही सोडतात, हे मात्र 2016 मध्ये कळलं. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या आणि जर्मनीतल्या येना इथल्या संशोधकांनी शोधलेल्या या विषाचं नाव कॅन्डिडालायसिन. अवघ्या 31 अमिनो आम्लांची ही साखळी आपल्या पेशींच्या आवरणाला भोकं पाडते.

चिकटणं, तंतू काढणं, विष आणि प्रथिनं कुरतडणारी विकरं सोडणं, शरीरातल्या भक्षक पेशींपासून लपणं: या सगळ्याची बेरीज म्हणजे यीस्टची उपद्रवशक्ती. औषधाचा विचार करताना आपण सहसा एवढंच विचारतो, की जंतू मेला की नाही? पण जो मेला नाही, तो औषध अंगावर घेऊन झाल्यावर पहिल्यासारखाच राहिला का? या दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मिळत गेली आहेत आणि ती औषधागणिक, यीस्टागणिक बदलतात. उपचारांच्या दृष्टीने हा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे.

फ्लुकोनाझोलपासून सुरुवात करू, कारण ते सर्वांत ओळखीचं. 1990 च्या आसपास वापरात आलेलं हे औषध यीस्टच्या आवरणातलं अर्गोस्टेरॉल तयार होऊ देत नाही. माणसाच्या पेशीत जे काम कोलेस्टेरॉल करतं, ते यीस्टमध्ये अर्गोस्टेरॉल करतं. मात्र फ्लुकोनाझोल कॅन्डिडाला मारत नाही, त्याची वाढ रोखून धरतं. उरलेला निकाल शरीराच्या प्रतिकारशक्तीने लावायचा असतो. म्हणजे औषध चालू असताना जिवंत, पण अडकून पडलेल्या पेशींची मोठी फौज शरीरात असते.

या पेशींवर काय परिणाम होतो? औषधाला दबणारं अल्बिकन्स वाढ रोखणाऱ्या मात्रेपेक्षा कमी फ्लुकोनाझोलमध्येही तंतू काढायला कचरतं. इथे औषध दुप्पट उपयोगी पडतं. पण 2000 साली अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेतल्या संशोधकांनी रुग्णांकडून मिळालेले प्रतिरोधी वाण अशाच अपुऱ्या मात्रेत वाढवले, तेव्हा प्रथिनं कुरतडणारी विकरं त्यांनी जास्त सोडली. औषध त्यांना थोपवू शकत नव्हतंच, वर त्यांच्या हातातलं हत्यार परजून देत होतं.

सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट अल्बिकन्सची नाही, तर ग्लाब्राटाची आहे. कॅन्डिडा ग्लाब्राटा नाकासमोर चालणारं वाटतं. ते माणसाच्या शरीरात लांब तंतू काढत नाही, पेशी लहान, गोल. गंमत म्हणजे नात्याने ते अल्बिकन्सपेक्षा पाव फुगवणाऱ्या यीस्टला जवळचं आहे. फ्लुकोनाझोलला ते मुळातच फारसं जुमानत नाही आणि उपचार चालू असताना पूर्ण प्रतिरोधी व्हायला त्याला वेळ लागत नाही.

स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे डॉमिनिक सांग्लार यांच्या प्रयोगशाळेत ग्लाब्राटाच्या जोड्या जपून ठेवलेल्या आहेत. एकाच रुग्णाकडून उपचाराआधी घेतलेला वाण आणि उपचारानंतरचा वाण, अशी एक जोडी. डीएसवाय 562 हा औषधाला दबणारा, डीएसवाय 565 हा प्रतिरोधी. दोघांत फरक होता तो पीडीआर1 नावाच्या जनुकात. हे जनुक विजेच्या खटक्यासारखं काम करतं. औषध पेशीत शिरलं की खटका दाबला जातो आणि औषध बाहेर फेकणारे पंप सुरू होतात. प्रतिरोधी वाणात एका उत्परिवर्तनामुळे तो खटका दाबलेलाच राहिला होता. पंप अष्टौप्रहर चालू.

इथवर अपेक्षेप्रमाणेच होतं. अपेक्षा पुढेही होती. रात्रंदिवस पंप चालवायचे तर ऊर्जा खर्च होणार, म्हणजे असा वाण औषध नसताना मागे पडायला हवा, रोग कमी करायला हवा. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत उंदरांच्या शरीरात उलटंच घडलं. खटका अडकलेले वाण अधिक घातक ठरले, तेही औषधाशिवाय. पुढच्या कामातून त्याची उकल होत गेली. हाच खटका ईपीए1 या चिकट प्रथिनाचं उत्पादनही वाढवतो. त्यामुळे यीस्टच्या पेशी शरीराच्या आतल्या अस्तराला घट्ट चिकटतात आणि भक्षक पेशींच्या तावडीत कमी सापडतात. जो बदल औषधातून वाचायला उपयोगी पडला, त्याच बदलाने रोग करायची ताकदही दिली.

2011 मधली दुसरी जोडी याहून विलक्षण. बीपीवाय 40 आणि बीपीवाय 41. उपचारानंतरच्या 41 मध्ये मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीचं वीजघर, निकामी झालं होतं. ताटलीवर हा वाण रडतखडत, हळूहळू वाढायचा. कुणीही त्याला दुबळा म्हणून बाजूला ठेवला असता. उंदरांमध्ये मात्र तो आपल्या आधीच्या सुदृढ भावंडापेक्षा जास्त घातक निघाला. प्रयोगशाळेच्या ताटलीवरून जंतूची ताकद जोखायच्या सवयीला यापेक्षा मोठा धक्का कोणता असणार?

मग प्रत्येक औषध वाचलेल्या यीस्टला बळच देतं का? नाही. अँफोटेरिसिन बीची कथा बरोबर उलट आहे. महाराष्ट्राला हे नाव 2021 च्या मे महिन्यात पाठ झालं होतं. कोविडमागोमाग म्युकरमायकोसिस पसरला, तेव्हा या इंजेक्शनसाठी नातेवाईक एका शहरातून दुसऱ्या शहरात धावत होते. म्युकर ही यीस्ट नव्हे, तंतूंची बुरशी, पण औषध तेच. व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतल्या एका जिवाणूपासून ते 1950 च्या दशकात मिळालं. ते अर्गोस्टेरॉल तयार होऊ न देण्याच्या भानगडीत पडत नाही. तयार अर्गोस्टेरॉललाच जाऊन भिडतं.

इतकी दशकं वापरूनही कॅन्डिडामध्ये या औषधाचा प्रतिरोध फार कमी दिसला. असं का, याचं उत्तर सुझन लिंडक्विस्ट आणि बेंजामिन व्हिन्सेंट यांच्या गटाने 2013 मध्ये दिलं. अँफोटेरिसिनपासून वाचायचं तर यीस्टला अर्गोस्टेरॉलच बदलावं किंवा सोडावं लागतं. तेवढं केलं, की बाकी सगळं कोसळतं. असे वाण तापाच्या उष्णतेने हैराण होतात, भक्षक पेशींचा रासायनिक मारा सोसत नाहीत, त्यांना तंतू काढता येत नाहीत. उंदरांमध्ये ते जवळजवळ निरुपद्रवी ठरले. जीव वाचवायला त्यांनी घराचे वासेच विकले होते.

कॅन्डिडा ऑरिस मात्र हा हिशेब बिघडवतं. 2009 मध्ये जपानमधल्या एका वृद्ध महिलेच्या कानात सापडलेलं हे यीस्ट भारतातल्या रुग्णालयांत 2013 मध्ये नोंदलं गेलं, ते दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधल्या अनुराधा चौधरी आणि सहकाऱ्यांमुळे. फ्लुकोनाझोल त्याच्या बहुतेक वाणांवर चालत नाही. अँफोटेरिसिनला दाद न देणारे वाणही त्यात बरेच आहेत. बेल्जियममधल्या ल्यूव्हेन विद्यापीठात ते प्रयोगशाळेत मुद्दाम अँफोटेरिसिनमध्ये वाढवलं, तेव्हा प्रतिरोधाबरोबर अशक्तपणा आलाच. पण काही वाणांनी पुढची उत्परिवर्तनं करून तो भरूनही काढला. 2024 मधलं हे निरीक्षण आयसीयूतल्या डॉक्टरांची झोप उडवणारं आहे.

औषधाच्या अपुऱ्या मात्रेचा फायदा रुग्णाला होतो, अशीही उदाहरणं आहेत. तोंडातल्या संसर्गावर निस्टॅटिनचे थेंब देतात. लाळेमुळे ते लवकरच पातळ होऊन गिळले जातात. हाँगकाँगमध्ये लक्ष्मण समरनायके आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की तासाभराच्या अशा सौम्य संपर्कानंतर औषध धुऊन टाकलं, तरी वाचलेलं यीस्ट गालाच्या आतल्या पेशींना कमी चिकटतं आणि कोंबही कमी काढतं. कॅस्पोफंजिन या बुरशीविरोधी औषधाचंही असंच आहे. कॅन्डिडा आपल्या भिंतीतलं बीटा-ग्लुकन बाहेरच्या थराखाली झाकून ठेवतं, म्हणून भक्षक पेशींना ते चटकन ओळखू येत नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या व्हाइटहेड इन्स्टिट्यूटच्या रॉबर्ट व्हीलर आणि जेराल्ड फिंक यांना 2006 मध्ये असं आढळलं, की कॅस्पोफंजिनची मारक नसलेली मात्राही ते पांघरूण सरकवते. यीस्ट मरत नाही, पण उघडं पडतं.

हे सगळं आपल्या गल्लीतल्या मेडिकलच्या काउंटरपर्यंत येतं. अंगावरून पांढरं जातंय, खाज येतेय, हे डॉक्टरांना सांगायचा संकोच असतो. मग घरातलं कुणीतरी जाऊन दीडशे मिलिग्रॅमची एक गोळी घेऊन येतं. ती अनेकींना लागू पडते, हे खरं. पण पांढरं जाण्यामागे जिवाणू असू शकतात, ट्रायकोमोनास नावाचा परजीवी असू शकतो, आणि यीस्ट असलं तरी ते ग्लाब्राटा असू शकतं. तिथे ही एक गोळी अनेकदा अपुरी पडते. बरं वाटत नाही म्हणून महिन्याने पुन्हा तीच गोळी आणली जाते. ग्लाब्राटाच्या त्या अडकलेल्या खटक्याला हवी असते, ती नेमकी ही परिस्थिती. कोणतं यीस्ट आहे, हे सांगायला योनिस्रावाची एक तपासणी पुरते आणि वारंवार त्रास होणाऱ्या प्रत्येकीला ती करून मिळायला हवी.

तपासणीच्या अहवालात यीस्टचं नाव येतं, औषधांची यादी येते, प्रत्येकासमोर एक आकडा आणि लागू पडेल की नाही याचं अक्षर. चिकटपणा किती, विकरं किती, यासाठी रकाना नसतो. रोग करायची ताकद जोखायला संशोधक आजकाल मधमाशीपालकांच्या जुन्या वैऱ्याकडे वळतात. पोळ्यातलं मेण पोखरणाऱ्या मेणकिड्याची मलईच्या रंगाची अळी घेतात, तिच्या मागच्या पायाच्या बुडाशी बारीक सुईने यीस्टचा थेंब टोचतात आणि 37 अंशांवर ठेवतात. एका डब्यात उपचाराआधीचा वाण टोचलेल्या अळ्या, दुसऱ्यात उपचारानंतरच्या वाणाच्या. संसर्ग वरचढ ठरला की अळी काळी पडते. दुसऱ्या दिवशी सकाळी डबे उघडून दोन्हींतल्या काळ्या अळ्या मोजतात.