पायपुसण्याखालची टाईल

रमजानपूर्वीची साफसफाई चालली होती. वुजू करून बाहेर येताना अम्मींचा पाय मोरीच्या दाराजवळच्या तडकलेल्या टाईलवर पडला आणि तळवा चिरला. दोन महिने त्या तड्यावर पायपुसणे टाकून मी वेळ काढत होते. जखम भरली, पण अम्मी तिथे घसरून पडल्या असत्या तर, हा विचार आजही मनातून जात नाही.

टेंभी नाक्याच्या आमच्या जुन्या इमारतीत आलेला पहिला मिस्त्री म्हणाला, “पूर्ण खोलीची लादी उखडावी लागेल.” दुसरे मिस्त्री वयस्कर चाचा. त्यांनी खिशातले नाणे काढून एकेक टाईल वाजवून पाहिली. घट्ट बसलेली टाईल टणटण वाजते, पोकळ टाईल डबडब. पोकळ निघाल्या फक्त तीन, त्याही दारापुढच्या ओळीतल्या. मोठा खर्च टळला.

टाईल पोकळ का होते? खालचा सिमेंटचा माल सगळीकडे सारखा पसरला नाही की मध्ये हवा राहते. त्यावर जड भांडे पडले की तडा जातो. फट न ठेवता टाइल्स बसवल्या, तर उष्णतेने फुगायला जागा उरत नाही आणि त्या तंबूसारख्या वर उचलल्या जातात. म्हणून दोन टाइल्समध्ये निदान 2 मिलिमीटर फट हवी.

बदलण्याची पद्धत अशी. डोळ्यांना चष्मा लावा, हातमोजे घाला. आधी भोवतालच्या सांध्यांतला ग्राउट खरवडून काढा, नाहीतर हादरा शेजारच्या टाईलला बसतो. मग छन्नी-हातोडीने मधून कडेकडे फोडत जा. नवी टाईल आणि तिच्याखालचा 4-5 मिलिमीटरचा थर मावेल इतका जुना माल काढा आणि धूळ पुसा. दातेरी थापीने टाईलचे अ‍ॅडहेसिव्ह सगळीकडे पसरा. नुसते चार कोपऱ्यांत गोळे ठेवले तर पुन्हा पोकळी राहील. टाईल दाबून, रबरी हातोडीने ठोकून शेजारच्या लादीशी सपाट करा. 24 तास तिच्यावर पाय ठेवू नका, मग ग्राउट भरा. व्हिट्रिफाइड टाईल पाणी जवळजवळ शोषत नाही. साध्या सिमेंटवर ती नीट धरत नाही, तिला अ‍ॅडहेसिव्हच लावा.

जुनी टाईल बाजारात मिळेलच असे नाही. गुजरातमधल्या मोरबीच्या कारखान्यांतून नवनवी डिझाइन येत राहतात, आणि एकाच डिझाइनच्या दोन खेपांत छटाही बदलते. आम्ही दारापुढची ती ओळच खरखरीत टाईलची केली. ती उंबऱ्यासारखी शोभते आणि ओला पाय घसरत नाही. नवी लादी बसवताना मात्र एक खोका जास्त घ्या आणि माळ्यावर जपून ठेवा.

बाथरूमची लादी स्वतः फोडू नका. तिच्याखाली वॉटरप्रूफिंगचा थर असतो. तो फुटला की पाणी खालच्या घराच्या छतात उतरते. शेजाऱ्याला आपल्यामुळे त्रास होऊ नये, ही तर आपल्या दीनची शिकवण. ठोकाठोकीची वेळही त्यांना विचारूनच ठरवा.

काम संपताच चाचांच्या हातात मजुरी ठेवली. अल्हम्दुलिल्लाह, अम्मी आता निर्धास्त पाय टाकतात.

आज जोहरनंतर तुम्हीही एक नाणे घेऊन घरातली लादी वाजवून पाहा. सुरुवात पायपुसण्याखालून करा.