शर्यतीच्या सायकलीवर संसार चालेल काय?

मलकापुराहून बुलढाण्यास येतांना राजूरचा घाट लागतो. तो सायकलीनें चढणाऱ्या मुलाचें घरांत कौतुकच होतें. परंतु 'डोंगरांतील सायकल-शर्यतींवरच मी चरितार्थ चालवीन' असें तो म्हणाला, कीं वडील मंडळींच्या पोटांत गोळा येतो. ही भीति अगदींच अनाठायीं नाहीं.

हा खेळ क्यालिफोर्नियांतील डोंगरउतारांवर १९७० नंतर जन्मास आला व १९९६ सालीं अटलांटा येथें ऑलिंपिकमध्यें शिरला. दगडधोंड्यांच्या वाटेवर सुमारें दीड तास झुंजावें लागतें. युरोपांत सायकलींचे कारखानदार निवडक स्वारांना पगार देऊन पथकें पोसतात. आपल्याकडे असा आश्रय तुरळक. संगमनेरच्या प्रणिता सोमण ह्यांनीं या खेळांत राष्ट्रीय पदकें मिळवून मुलींसही वाट दाखविली. परंतु पदक म्हणजे पगार नव्हे. मुंबई-पुणें सडक-शर्यतींत बोरघाट प्रथम चढणारास 'घाटांचा राजा' हा किताब मिळत आला, पण किताबासोबत जहागीर कोठून येणार?

भाकरीची वाट निराळीच आहे. रेल्वे व सैन्यदलें गुणी खेळाडूंस नोकरी देतात. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांतही पात्र खेळाडूंकरितां ५ टक्के आरक्षण आहे. मात्र तेथें पदकाबरोबर शिक्षणही पाहिलें जातें.

म्हणून वडील मंडळींस आमचें सांगणें, कीं नुसतें 'नको' म्हणूं नये. ऐपतीप्रमाणें सायकल घेऊन द्यावी आणि चार वर्षांची मुदतही द्यावी. मुलांस सांगणें, कीं पहांटे घाट चढा, पण संध्याकाळीं पुस्तक उघडा. उतारावर ब्रेक असला म्हणून वेग मरत नाहीं. कपाळमोक्ष मात्र टळतो.