पुंज, होलोग्राम आणि जाणीव: पाऊणशे वर्षांचा मागोवा

डेनिस गाबर यांना १९४७ साली मेंदूचं कोडं सोडवायचं नव्हतं, विश्वाचं तर नव्हतंच. हा मूळचा हंगेरियन शास्त्रज्ञ इंग्लंडमधल्या रग्बी गावी एका विद्युत कंपनीत काम करत होता आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातली चित्रं अधिक स्पष्ट कशी मिळतील याच्या विवंचनेत होता. वस्तूवरून येणाऱ्या लहरींची नुसती तीव्रता न टिपता त्यांची कलाही (फेज) टिपायची, ही त्यांची युक्ती. १९६० मध्ये लेझर आला आणि या युक्तीतून खरेखुरे त्रिमित होलोग्राम बनू लागले. १९७१ मध्ये गाबर यांना नोबेल मिळालं. होलोग्रामच्या फिल्मचा एक गुण मात्र सगळ्यांना चक्रावून टाकणारा होता. तिचा तुकडा कापून घेतला तरी त्यातून अख्खी वस्तू दिसते, फक्त जरा अस्पष्ट.

कार्ल प्रिब्रम या मेंदूशल्यविशारदांनी हा गुण ऐकला तेव्हा त्यांच्यापुढे एक जुना प्रश्न होता. तरुणपणी त्यांनी फ्लॉरिडात कार्ल लॅशली यांच्याबरोबर काम केलं होतं. लॅशली उंदरांना चक्रव्यूहातली वाट शिकवायचे, मग मेंदूच्या बाह्यकाचा कधी हा तर कधी तो भाग काढून पुन्हा त्यांची परीक्षा घ्यायचे. वाट अमुक एका जागी साठवलेली आहे, असं त्यांना कधीच दाखवता आलं नाही. भाग कुठून काढला यापेक्षा किती काढला याला महत्त्व होतं. प्रिब्रम म्हणाले, स्मृती होलोग्रामसारखी सगळीकडे पसरलेली असली पाहिजे.

ही अटकळ अभ्यासातून आलेली होती, आणि तिचा अर्धा भाग टिकला. एक आठवण एका पेशीत बसत नाही, पेशींच्या जाळ्यात पसरते, हे आज सर्वमान्य आहे. पण जागेला महत्त्व नाही, हे खरं ठरलं नाही. १९५३ मध्ये हेन्री मोलेसन या रुग्णाच्या मेंदूतले दोन्ही बाजूंचे हिप्पोकॅम्पस बव्हंशी काढले गेले आणि त्यांना घटनांची नवी आठवण साठवणं कायमचं अशक्य झालं.

भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड बोम अशाच विचाराकडे आले ते निराळ्या वाटेने. अमेरिकेतल्या मॅकार्थी काळातल्या कम्युनिस्टविरोधी चौकशीत त्यांनी साक्ष द्यायला नकार दिला, प्रिन्स्टनची नोकरी गेली, मग ब्राझील, इस्रायल आणि शेवटी लंडन असा प्रवास घडला. पुंज (क्वांटम) सिद्धान्तावरचे १९५२ चे त्यांचे शोधनिबंध आजही भौतिकशास्त्रज्ञ गांभीर्याने वाचतात. सामान्य वाचकाला मात्र बोम आठवतात ते एका उपकरणाच्या वर्णनामुळे. एकात एक बसवलेली काचेची दोन नळकांडी, मधल्या जागेत दाट ग्लिसरीन, त्यात शाईचा एक थेंब. नळकांडं हळूहळू फिरवलं की थेंब ताणला जातो, धागा होतो आणि दिसेनासा होतो. तितकंच उलटं फिरवलं की थेंब पुन्हा जसाच्या तसा गोळा होतो. बोम म्हणत, दिसणारं जग हे असं उलगडलेलं आहे आणि त्यामागे एक गुंडाळलेली व्यवस्था आहे. १९८० च्या ‘होलनेस अँड द इम्प्लिकेट ऑर्डर’मध्ये त्यांनी हे मांडलं. जे. कृष्णमूर्तींबरोबरच्या संवादांमुळे त्यांचं नाव आपल्याकडच्या वाचकांपर्यंतही पोचलं. मला हे तत्त्वज्ञान म्हणून फार मोलाचं वाटतं. पण त्यातून मोजता येईल असं नवं भाकीत निघालं नाही, हेही तितकंच खरं.

पुढे बोम आणि प्रिब्रम यांच्या कल्पना एकत्र गुंफल्या गेल्या. १९९१ मध्ये लेखक मायकेल टॅलबट यांच्या ‘द होलोग्राफिक युनिव्हर्स’ने त्याला टेलिपथी आणि चमत्कार जोडले, आणि घोळ सुरू झाला तो इथे.

कारण लगेच दोन वर्षांनी भौतिकशास्त्रज्ञ गेरार्ड ट हूफ्ट यांनी पूर्णपणे वेगळ्या होलोग्रामची गोष्ट काढली. कृष्णविवराची एन्ट्रॉपी, म्हणजे ढोबळपणे त्यात सामावलेली माहिती, त्याच्या आकारमानावर नव्हे, पृष्ठभागावर अवलंबून असते, हे बेकेन्स्टाइन आणि हॉकिंग यांनी सत्तरच्या दशकात दाखवलं होतं. त्यावरून ट हूफ्ट आणि सस्किंड यांनी मांडलं की अवकाशाच्या आतली सगळी माहिती सीमेवर लिहिता येत असावी. १९९७ मध्ये हुआन माल्दासेना यांनी त्याचं नेमकं गणिती उदाहरण दिलं. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विषयावर पहिल्या प्रतीचं काम झालं आहे. शिराज मिनवाला, सायंतनी भट्टाचार्य आणि त्यांच्या परदेशातल्या सहकाऱ्यांनी २००७-०८ मध्ये कृष्णविवराच्या समीकरणांतून द्रवप्रवाहाची समीकरणं काढून दाखवली. या गणितात जाणिवेचा उल्लेखही नाही. शिवाय माल्दासेना यांचं विश्व ऋण वक्रतेचं आहे, आपलं प्रसरण पावणारं विश्व तसं नाही.

जाणिवेला थेट हात घातला तो गणिती भौतिकशास्त्रज्ञ रॉजर पेनरोज यांनी. समजणं ही निव्वळ गणनक्रिया नव्हे, असा त्यांचा १९८९ च्या पुस्तकातला दावा. ॲरिझोनातले भूलतज्ज्ञ स्टुअर्ट हॅमरॉफ यांनी त्याला जागा सुचवली. ती म्हणजे पेशीतल्या मायक्रोट्यूब्यूल, जेमतेम २५ नॅनोमीटर जाडीच्या नळ्या. दोघांच्या मते तिथे पुंज अवस्था टिकते, गुरुत्वामुळे ती कोसळते आणि जाणिवेचा क्षण उमटतो. २००० मध्ये भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स टेगमार्क यांनी हिशेब केला की मेंदूच्या ऊबदार, ओलसर वातावरणात ही अवस्था सेकंदाच्या दहा लाख कोटीव्या भागात विस्कटेल. हॅमरॉफ यांना हवा होता सेकंदाचा चाळिसावा भाग. त्यांनी टेगमार्क यांची गृहीतकं खोडून काढण्याचा प्रयत्न केला, तरी दरी बुजली नाही. पुढे इटलीत ग्रान सासो पर्वताखालच्या प्रयोगशाळेत, सुमारे १४०० मीटर खडकाखाली, गुरुत्वाने होणाऱ्या कोसळण्यातून निघणारं प्रारण शोधलं गेलं. २०२० मध्ये निकाल आला. प्रारण सापडलं नाही आणि त्या कल्पनेचं सर्वांत सोपं रूप बाद झालं. २०२४ मध्ये वेलस्ली कॉलेजच्या प्रयोगात मायक्रोट्यूब्यूल स्थिर करणारं औषध दिलेले उंदीर भुलीखाली जायला एरवीपेक्षा मिनिटभराहून थोडा अधिक वेळ जास्त घेताना दिसले. म्हणजे भूल आणि या नळ्यांचा काही संबंध असू शकतो. तो संबंध पुंज स्वरूपाचाच आहे, असं मात्र त्यावरून ठरत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. पेनरोज-हॅमरॉफ सिद्धान्त बहुधा चूक असावा, तरी या सगळ्यांत मला आदर त्याचाच वाटतो, कारण त्याने नेमकी जागा आणि नेमका कालावधी सांगितला, म्हणून तर त्याला आव्हान देता आलं. क्वांटम विज्ञानाने आत्मा सिद्ध केला असं सांगणारी व्याख्यानं आपल्याकडे सभागृहं भरून होतात. तिथे श्रोत्यांत बसलात तर हात वर करा आणि वक्त्याला विचारा, कोणत्या प्रयोगाचा निकाल उलटा आला तर तुम्ही हे म्हणणं सोडाल?