पाच टक्क्यांचा वटाव : क्रेडिट कार्डाचे मूल्यमापन



या स्मृतिव्याख्यानमालेत मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने क्रेडिट कार्डावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु या शाळेतून बाहेर पडलेले विद्यार्थी आज पुण्यास, बेंगळुरूस, कोल्हापुरास नोकऱ्या करतात, घरबसल्या वस्तू मागवतात आणि बोरगावातील आईवडिलांसाठीही मागवून पाठवितात. त्यांच्यापैकी अनेकांनी गेल्या काही वर्षांत मला एकच प्रश्न विचारला : “सर, ऑनलाइन खरेदीवर पाच टक्के परत देणारे कार्ड मिळते आहे, घ्यावे का?” भाषेच्या माणसाला हा प्रश्न विचारण्यात एक औचित्य आहे. या व्यवहारातला नफातोटा आकड्यांइतकाच शब्दांवर, म्हणजे करारातील अटींवर, अवलंबून असतो. आणि अटी वाचणे हेच आयुष्यभर माझे काम होते, मग त्या वृत्तांच्या असोत की व्याकरणाच्या.

प्रथम शब्दाकडे पाहू. ‘कॅशबॅक’ हा शब्द आता मराठीत स्थिरावला असल्याने त्याला हुसकावण्याचा माझा आग्रह नाही. तथापि ही कल्पना आपल्याला नवी नाही. आपल्या पेठांत रोखीने माल उचलणाऱ्याला बिलाच्या तळाशी ‘वटाव’ कापून मिळत असे. फरक एवढाच की जुना वटाव रोख पैसे मोजणाऱ्याला मिळे, आणि नवा वटाव मिळतो तो उधारीवर घेणाऱ्याला. हा उलटा न्याय कसा शक्य झाला, हे समजल्याखेरीज कार्डाचे मूल्यमापन करता येणार नाही.

तुम्ही कार्डाने शंभर रुपयांची वस्तू घेतली, तर विक्रेत्याच्या हाती पूर्ण शंभर रुपये पडत नाहीत. साधारणपणे दोन रुपयांच्या आसपास रक्कम मध्येच कापली जाते आणि तिचा मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो. आपल्या भागाला अशा कपातीची ओळख करून द्यायला नको. तंबाखूच्या वखारीत वजनातून ‘कडता’ कसा कापला जाई, हे निपाणी परिसरातील जुन्या पिढीला ठाऊक आहे. १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली निपाणीत तंबाखू उत्पादकांचे जे आंदोलन झाले, त्यामागे भावाबरोबर असल्या व्यवहारांचाही साचलेला संताप होता. कार्डाचा कडता मात्र ग्राहकाला दिसत नाही. तो विक्रेता सोसतो आणि बहुधा किमतीत मिसळून सर्वांकडून वसूल करतो. अमेरिकेतील बॉस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेच्या अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये याचा हिशेब मांडला होता : तेथे रोखीने व्यवहार करणारे सरासरी कुटुंब कार्डधारक कुटुंबांना वर्षाकाठी १४९ डॉलर अप्रत्यक्षपणे देते. युरोपीय संघाने २०१५ मध्ये कार्ड देणाऱ्या बँकेच्या या वाट्यावर क्रेडिट कार्डासाठी ०.३ टक्क्याची मर्यादा घातली. साहजिकच तेथे अशा भरघोस परताव्यांना फारसा वाव राहिला नाही.

आता चौकस श्रोता विचारील, बँकेला दोन रुपयांहून कमी मिळत असतील तर ती पाच रुपये परत कशी देते? उरलेले तीन-साडेतीन रुपये कोठून येतात? काही वेळा एखादी ऑनलाइन दुकानसंस्था जाहिरातखर्च म्हणून भार उचलते. काही वाटा वार्षिक शुल्कातून येतो. आणि मोठा वाटा येतो तो बिल पूर्ण न भरणाऱ्या कार्डधारकांच्या व्याजातून. माझे सारे विवेचन या एका वाक्यापाशी येऊन ठेपते. ज्याला पाच टक्के मिळतात तो आणि जो ते पुरवितो तो, असे दोन कार्डधारक आहेत. आणि कार्ड घेताना प्रत्येकजण स्वतःला पहिला समजतो.

वानगीदाखल एक प्रत्यक्ष कार्ड घेऊ. एसबीआय कार्ड कंपनीने सप्टेंबर २०२२ मध्ये ‘कॅशबॅक’ याच नावाचे कार्ड आणले. कोणत्याही ऑनलाइन दुकानातील खरेदीवर पाच टक्के, प्रत्यक्ष दुकानात एक टक्का, वार्षिक शुल्क ९९९ रुपये आणि त्यावर जीएसटी, वर्षभरात दोन लाखांचा खर्च झाल्यास शुल्क माफ, असा त्याचा बेत होता. परताव्याची मासिक कमाल मर्यादा दहा हजार रुपये होती; मे २०२३ पासून ती पाच हजार झाली आणि त्याच सुमारास वीजबिल, विमा, शाळेची फी, दागिने, रेल्वे अशा काही खर्चांवरील परतावाही बंद झाला. नऊ महिन्यांच्या आत अटी बदलल्या, हे ध्यानात ठेवावे. म्हणून मी येथे दिलेले आकडे पद्धत समजण्यासाठी आहेत. अर्ज करण्याच्या दिवशी कंपनीचे त्या दिवशीचे अटीपत्रक पाहणे अपरिहार्य आहे.

शुल्क ९९९ आणि १८ टक्के जीएसटी मिळून ११७९ रुपये होतात. एखादे कुटुंब महिन्याला चार हजारांची ऑनलाइन खरेदी करते असे धरू. वर्षाचे ४८ हजार. घाईने हिशेब करणारा म्हणेल, पाच टक्क्यांनी २४०० मिळाले, शुल्क वजा जाता १२२१ उरले. पण त्या ४८ हजारांपैकी १६ हजार परतावा न मिळणाऱ्या खर्चांचे असतील, तर परतावा ३२ हजारांवर, म्हणजे १६०० रुपये, आणि शिल्लक अवघी ४२१. आता याच्या शेजारी दुसरे कार्ड ठेवा. ॲमेझॉन आणि आयसीआयसीआय बँक यांनी ऑक्टोबर २०१८ मध्ये आणलेल्या कार्डाला वार्षिक शुल्क नव्हते. त्या एका दुकानात सभासदाला पाच आणि इतरांना तीन टक्के, तर बाहेरच्या बहुतेक खरेदीवर एक टक्का असा त्याचा सर्वसाधारण क्रम होता. सभासद नसलेल्या आपल्या कुटुंबाने ३२ पैकी २४ हजार त्या एका दुकानात आणि आठ हजार इतरत्र खर्च केले, तर मिळतात ७२० आणि ८०, एकूण ८००. म्हणजे तीन टक्क्यांचे कार्ड पाच टक्क्यांच्या कार्डाला मागे टाकते! कारण उघड आहे. शुल्क हा खर्चाआधीच चढलेला बोजा असतो. या प्रमाणात खरेदी करणाऱ्याला शुल्काचे कार्ड फायद्याचे ठरण्यासाठी परताव्यास पात्र अशी खरेदी वर्षाला सुमारे ४७ हजारांच्या वर जावी लागते.

ज्याची पात्र खरेदी वर्षाला लाख-दीड लाखाची आहे, आणि ती अनेक दुकानांत विखुरलेली आहे, त्याला मात्र पाच टक्क्यांचे कार्ड खरोखरच लाभते. यात मला शंका नाही. दोन लाखांना दहा हजार रुपये परत आणि शुल्कही माफ, ही थोडीथोडकी रक्कम नव्हे. परंतु या माफीत एक मोह दडलेला आहे. वर्ष संपत आले, खर्च एक लाख ऐंशी हजारांवर थांबला आहे, म्हणून ११७९ रुपये वाचविण्यासाठी वीस हजारांची नको असलेली वस्तू घेणारे लोक असतात, आणि ते सुशिक्षित असतात. वस्तू परत केल्यास तिच्यावरचा कॅशबॅकही परत घेतला जातो, हेही त्यांना नंतर कळते. शिवाय कित्येकदा तीच वस्तू इचलकरंजीच्या वा निपाणीच्या दुकानात घासाघीस करून पाच टक्क्यांहून अधिक स्वस्त मिळते. किंमत न पडताळता परतावा मोजणे म्हणजे माप न पाहता माप ओसंडले म्हणून आनंद मानणे होय.

आता व्याजाकडे वळू, कारण सारा डाव तेथे आहे. क्रेडिट कार्डावर खरेदीच्या दिवसापासून साधारण वीस ते पन्नास दिवस बिनव्याजी मिळतात, पण एका अटीवर : बिलाची पूर्ण रक्कम मुदतीत भरली पाहिजे. बिलावर ‘किमान देय रक्कम’ म्हणून एक लहान आकडा छापलेला असतो, बहुधा एकूण रकमेच्या पाच टक्क्यांच्या आसपास. तो भरला की दंड टळतो; व्याज टळत नाही. व्याज लागते ते मुदतीच्या तारखेपासून नव्हे, तर खरेदीच्या दिवसापासून. आणि बाकी राहिली असेतोवर नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. दर महिन्याला साडेतीन टक्के किंवा थोडा अधिक असतो. ‘साडेतीन’ हा आकडा किती निरुपद्रवी वाटतो! वर्षाचे ते बेचाळीस होतात, आणि व्याजावर पुन्हा १८ टक्के जीएसटी.

वीस हजारांची खरेदी केली, कॅशबॅक हजार रुपये मिळाला. पहिल्या बिलात किमान रक्कम भरली आणि उरलेली खरेदीपासून साठाव्या दिवशी भरली. व्याज आणि कर मिळून सुमारे सोळाशे रुपये गेले. हजार मिळाले ते संदेश पाठवून, अभिनंदन करून. सोळाशे गेले ते बिलातील एका ओळीत. एका अशा चुकीने वर्षभराचा परतावा सहज पुसला जातो. या दरांवर मर्यादा असावी असा प्रयत्न आपल्याकडे झाला होता. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये तीस टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरविली. पण सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला. व्याजदरासंबंधीचे नियमन रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येते, अशी न्यायालयाची भूमिका होती.

आपल्या गावाच्या दृष्टीने येथे एक गोष्ट विशेषत्वाने सांगितली पाहिजे. कार्डाचे बिल दरमहा येते; आपल्याकडची मिळकत दरमहा येत नाही. उसाचे बिल कारखान्याकडून हंगामात येते, तंबाखूचे पैसे व्यापाऱ्याकडून वर्षातून एखाद्या वेळी. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस पोचल्यापासून चौदा दिवसांत पैसे मिळावयास हवेत. ते लांबले तर शेतकऱ्याला वार्षिक पंधरा टक्के दराने व्याज देण्याची तरतूद आहे. ते व्याज हाती किती पडते हा वेगळा विषय. पण आकड्यांची तुलना करून पाहा. शेतकऱ्याचे येणे थकले तर कायद्यात पंधरा टक्के, आणि त्याच शेतकऱ्याचे कार्डाचे देणे थकले तर बेचाळीस. म्हणून माझे स्पष्ट मत असे की, ज्या घरात दरमहा निश्चित पगार येतो आणि खात्यात बिलाइतकी शिल्लक कायम असते, त्या घराने असे कार्ड खुशाल घ्यावे, पूर्ण बिल खात्यातून आपोआप वळते होईल अशी सूचना बँकेस द्यावी आणि वटाव पदरात पाडून घ्यावा. ज्या घराची मिळकत हंगामी आहे, त्याने पाच टक्क्यांकडे पाहूच नये. शहरातील मुलाच्या कार्डावर गावाकडची खरेदी होत असेल, तर तिची रक्कम बिलाच्या तारखेपूर्वी कोणी भरावयाची हे घरात आधी ठरलेले असावे. नात्यात हिशेब मागणे आपल्याकडे अवघड जाते.

शेवटी भाषेचा मुद्दा, आणि तो माझ्या जिव्हाळ्याचा आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे कुणब्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले, हे आपण इतिहासात शिकवितो. त्यानंतर १८७९ मध्ये आलेल्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने खेड्यांत निबंधक नेमून त्यांच्यासमोर दस्तऐवज करण्याची तरतूद केली. कारण अंगठा उठविणाऱ्याला कागदात काय लिहिले आहे ते कळत नव्हते. आजचा आपला पदवीधर कागद वाचू शकतो. परंतु मोबाइलच्या पडद्यावर इंग्रजीतील अटींची लांबलचक पट्टी खाली सरकवून ‘मान्य’ या खुणेवर तो बोट ठेवतो, तेव्हा त्या अंगठ्यात आणि या बोटात मला फार अंतर दिसत नाही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या निर्देशांत अटी सोप्या आणि स्पष्ट भाषेत, ‘शक्यतो’ इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत असाव्यात असे म्हटले होते. या ‘शक्यतो’ शब्दाचे सामर्थ्य व्याकरण शिकविणाऱ्यास वेगळे सांगावयास नको. आणि बोरगावासारख्या गावी, जेथे राज्याची भाषा कन्नड व अनेक घरांची भाषा मराठी, तेथे स्थानिक भाषा कोणती धरावयाची, हा प्रश्न बँकेच्या काउंटरवर सुटणारा नाही. म्हणून ज्याला इंग्रजी नीट येते, त्याने घरातील कार्डाचे अटीपत्रक घरच्यांना मराठीत वाचून दाखवावे. त्यात परतावा कशावर मिळत नाही, त्याची मासिक मर्यादा किती, शुल्क करासह किती आणि व्याज कोणत्या दिवसापासून, एवढे सापडले तरी पुष्कळ झाले.

याच निर्देशांत आणखी दोन उपयुक्त तरतुदी होत्या. ग्राहकाच्या संमतीवाचून कार्ड देता येणार नाही. आणि बाकी चुकती करून कार्ड बंद करण्याची मागणी केल्यास ते सात कामकाजी दिवसांत बंद झाले पाहिजे, अन्यथा बँकेने दिवसाला पाचशे रुपये ग्राहकाला द्यावयाचे. ज्यांनी हौसेने घेतलेले कार्ड कपाटात पडून आहे आणि शुल्क मात्र दरसाल लागते आहे, त्यांनी घरी गेल्यावर प्रथम मागील वर्षाची बिले काढावीत, परताव्याची बेरीज एका बाजूस आणि शुल्क, व्याज व दंड यांची बेरीज दुसऱ्या बाजूस लिहावी. दुसरी बेरीज मोठी निघाली, तर कार्ड बंद करण्याचा अर्ज लेखी करावा आणि त्याची पोच जपून ठेवावी.