ईदच्या शेगडीला कोळसा कोणता? अंगणात केलेला आमचा एक प्रयोग

बकरी ईदला गोश्ताचे वाटप उरकले की संध्याकाळी अंगणात शेगडी मांडायची, हे आपल्याकडे ठरलेलेच. पोरं सीखा धुवायला बसतात, आतून मसाल्याचे भांडे येते आणि मोठ्यांचा दरवर्षीचा वाद सुरू होतो: कोळसा कुठून आणला? 7 जून 2025 च्या ईदला आमच्या कोळशाने तासभर नुसता धूर काढला. कुणीतरी घाईत वरून रॉकेल ओतले. पहिल्या दोन सीखांना रॉकेलचा असा वास लागला की मांजरानेही तोंड लावले नाही.

म्हणून या वेळी आम्ही ईदची वाट पाहिली नाही. थंडीतल्या एका रविवारी, भंडाऱ्यातल्या आमच्याच अंगणात, दोन प्रकारचे कोळसे शेजारी-शेजारी पेटवून पाहिले. एक, इस्त्रीवाले वापरतात तो लाकडी कोळसा, मोठ्या ढेकळांचा. दुसरा, भुकटी दाबून केलेल्या सारख्या आकाराच्या गोळ्यांचा. जे दिसले ते वाचकांसमोर ठेवतो.

दगडी नको, लाकडीच हवा

पहिली गोष्ट स्पष्ट करू. खाणीतला दगडी कोळसा अन्न भाजायला अजिबात वापरू नये. त्यात गंधक असते, धूर विषारी असतो. लाकडी कोळसा म्हणजे भट्टीत हवा कोंडून, मंद आचेवर भाजलेले लाकूड. त्यातले पाणी आणि डांबरासारखा चिकट भाग निघून जातो, मागे मुख्यतः कार्बन उरतो. म्हणूनच तो लाकडापेक्षा जास्त तापतो आणि धूर कमी देतो.

आमच्या प्रयोगात ढेकळांचा कोळसा लवकर पेटला, आच जोरदार दिली आणि राख कमी पडली. पण तुकडे लहान-मोठे असल्याने आच एकसारखी नव्हती. गोळ्या उशिरा पेटल्या, राख भरपूर झाली, मात्र आच बराच वेळ एकसारखी राहिली. म्हणजे कबाब-बोटीला ढेकळे बरी, आणि अख्खी रान हळूहळू भाजायची असेल तर गोळ्या.

पारख कशी करायची

दोन तुकडे एकमेकांवर आपटा. खणखणीत आवाज आला तर कोळसा पक्का. बद्द आवाज आला तर ओल आहे. तुकडा मोडून पाहा. आत तपकिरी लाकूड दिसले तर तो अर्धकच्चा, तोच डोळ्यांतून पाणी काढतो. पोत्याच्या तळाशी चुरा जास्त असेल तर आधी चाळून घ्या, नाहीतर चुरा हवेची वाट बंद करतो आणि शेगडी गुदमरते.

पेटवायचा कसा

रॉकेल, पेट्रोल काही नको. आम्ही तेलाचा जुना पत्र्याचा डबा घेतला, तळाला आणि बाजूंना भोके पाडली. खाली कागदाचे बोळे, वर कोळसा. कागद पेटवला की हवा खालून वर ओढली जाते. वीसेक मिनिटांत निखारे तयार झाले. सगळ्या तुकड्यांवर राखाडी साय धरली की मगच सीख ठेवायची. ज्वाळेवर ठेवली तर बाहेरून जळते, आत कच्ची राहते.

निखारे सगळीकडे पसरू नका. घमेल्याच्या एका बाजूला ढीग, दुसरी बाजू मोकळी. चरबी गळून भडका उडाला की सीख मोकळ्या बाजूला सरकवायची. चरबी जळून उठणारा काळा धूर गोश्तावर बसतो आणि तो तब्येतीला चांगला नाही.

गोश्ताची काळजी

कुर्बानीचे ताजे गोश्त लगेच भाजले तर चिवट लागते. काही तास थंड ठिकाणी ठेवून मग मसाला लावा. कच्च्या पपईने ते मऊ होते, पण रात्रभर लावली तर लगदा होतो. आपल्या उन्हाळ्यात मसाला लावलेले भांडे तासाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. खिम्याचे कबाब आतपर्यंत शिजलेच पाहिजेत, कारण गोश्त वाटताना वरचे जंतू आत मिसळतात.

इथे चूक नको

निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वासही नाही. अचानक पाऊस आला म्हणून शेगडी खोलीत किंवा बंद व्हरांड्यात नेऊ नका. थंडीत ऊब म्हणून खोलीत शेगडी ठेवून झोपणे तर थेट जिवाशी खेळणे. डोके दुखू लागले, मळमळले, तर लगेच मोकळ्या हवेत या आणि दवाखाना गाठा.

दुसरे, आपला जिल्हा धानाचा. घराशेजारी तणसाचा ढीग असतोच. मे-जूनच्या वाऱ्यात एक ठिणगी पुरे. शेगडी ढिगापासून लांब, वाऱ्याच्या उलट बाजूला ठेवा आणि पाण्याची बादली जवळ असू द्या. वरून विझलेला दिसणारा निखारा राखेखाली दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहतो. पाणी ओतून, ढवळून, पुन्हा पाणी ओतूनच राख टाका. अनवाणी फिरणारी पोरं आपलीच असतात.

पोत्यामागचे हात

शेवटी एक गोष्ट, जी आम्हालाही उशिरा सुचली. भारतीय वन अधिनियम, 1927 नुसार कोळसा हा वनोपज आहे, मग तो जंगलातून आलेला असो वा नसो. त्यामुळे रस्त्याकडेला कुणी गुपचूप विकत असेल तर घेऊ नका. दुकानातून, पावती घेऊन घ्या. आणि कोळशाच्या भट्ट्यांवर राबणारे अनेकदा आदिवासी असतात. रायगडकडचे कातकरी आगाऊ उचल घेऊन कुटुंबासह भट्टीवर जातात आणि ती फेडता फेडता हंगाम संपतो. वेठबिगारी 1976 च्या कायद्याने बंद झाली, पण उचलीचा फास सुटलेला नाही. स्वस्त पोते पाहून खूश होण्याआधी, ते स्वस्त का आहे हे दुकानदाराला विचारायला हरकत नाही.

आमचा यंदाचा कोळसा ठरला आहे. ढेकळांचा, चाळलेला, डब्यात पेटवलेला. रॉकेलची बाटली मात्र अम्मींनी आधीच लपवून ठेवली आहे.