खाण नावाची विहीर

घुग्गुस, सास्ती, पद्मापूर, दुर्गापूर ही नावे ऐकताच चांद्याकडच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरकडच्या, माणसाच्या डोळ्यांपुढे कोळसा उभा राहतो, आणि ते साहजिकच आहे. परंतु तिथल्या एखाद्या उघड्या खाणीच्या काठावर उभे राहून अगदी तळापर्यंत दृष्टी नेली, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेल्या त्या प्रचंड खड्ड्याच्या सर्वांत सखल कोपऱ्यात हिरवट, निश्चल पाणी साचलेले दिसते, तराफ्यावर बसवलेला पंप ते अहोरात्र उपसत असतो आणि जाडजूड नळ ते वर आणून नाल्यात ओतत असतात. खाणीतली माणसे या डबक्याला ‘संप’ म्हणतात. पंप थांबला तर खाण बुडेल, म्हणून तो सहसा थांबत नाही.

यातले काही पाणी अर्थात आभाळातले. या भागात वर्षाकाठी सुमारे १२०० मिलिमीटर पाऊस पडतो असे धरले, तर उघड्या पडलेल्या एकेका हेक्टरावर १ कोटी २० लाख लिटर पाणी कोसळते. पण चैत्र-वैशाखातही खाणीच्या भिंती ओलसर राहतात, त्याचे कारण पावसात नसून खडकात आहे. वर्धा खोऱ्यातला कोळसा गोंडवाना खडकसमूहातल्या बराकर नावाच्या थरांत आहे आणि कित्येक ठिकाणी त्याच्यावर कामठीचा वालुकाश्म पसरलेला आहे. हा दगड सच्छिद्र, पाणी धरणारा आणि मागितले की देणारा, म्हणूनच परिसरातल्या विहिरींचा तो पिढ्यान्‌पिढ्यांचा पोशिंदा. तेव्हा ज्या थरावर गावाची तहान भागते, तोच कापून काढल्याखेरीज कोळशाला हात लागत नाही. पाण्याच्या दृष्टीने पाहिले तर उघडी खाण ही मैल-दीड मैल लांबीची एक विहीरच होय, आणि मोठ्या विहिरीचा उपसा सुरू झाला म्हणजे शेजारच्या लहान विहिरींची जी गत व्हायची तीच होते: भूजलाची पातळी खाणीच्या दिशेने उतरती होत जाते आणि आजवर गावाकडे झिरपणारे पाणी मुकाट्याने पाठ फिरवते.

खाणीलगतच्या गावात हा बदल प्रथम कळतो तो दोराला. बादली पाण्याला टेकेना, म्हणून दोराला आणखी चार हात जोडावे लागतात. पुढच्या उन्हाळ्यात आणखी चार. विहिरीत डोकावले, तर पाण्याच्या जुन्या पातळ्यांचे पांढुरके पट्टे एकाखाली एक उमटलेले दिसतात, आणि शेवटच्या पट्ट्याखाली नुसता दगड.

अशा विहिरीच्या धन्याने दाद कोठे मागावी? इंग्लंडात लँकेशायरमधल्या एका कापूस-गिरणीवाल्याची विहीर शेजारच्या कोळशाच्या खाणीने आटवली, तेव्हा ‘ॲक्टन विरुद्ध ब्लंडेल’ या खटल्यात १८४३ साली मुख्य न्यायाधीश टिंडल यांनी निकाल दिला, की जमिनीखालचे अदृश्य पाणी हे त्या जमिनीचेच अंग असून धन्याने आपल्या हद्दीत खोदताना शेजाऱ्याचे पाणी गेले, तर त्याबद्दल दावा चालत नाही. हेच तत्त्व हिंदुस्थानातल्या १८८२ च्या सुखाधिकाराच्या (ईझमेंट्स) कायद्यात उतरले, आणि योग असा, की तो कायदा आरंभी ज्या मोजक्या मुलखांना लागू झाला त्यांत मध्यप्रांत होता, म्हणजे आपला चांदा जिल्हाही होता! पुढे कोळसा-क्षेत्र संपादनाच्या १९५७ च्या कायद्याने कोळशाची जमीन सरकारात जमा होऊ लागली. मोबदला संपादित जमिनीचा ठरला, आणि संपादनाच्या रेषेबाहेर ज्याची विहीर राहिली त्याच्या दारी नोटीसही गेली नाही. जमीन मोजणाऱ्या दप्तराने जमिनीखाली चालणारे पाणी मोजू नये, हा दोष कोणा अंमलदाराचा नव्हे. ते दप्तर रचणाऱ्यांच्या कल्पनाशक्तीचा आहे असे मला वाटते. महाराष्ट्राने भूजलाचा कायदा केला तो १९९३ चा, तोही पिण्याच्या पाण्यापुरता; व्यापक कायदा आला तो २००९ चा. तोवर खाणी कितीतरी खोल गेल्या होत्या.

उपसलेल्या पाण्याचीही एक कथा आहे. कोळशासोबत माक्षिक नावाचे लोह आणि गंधक यांचे सोनेरी खनिज असते. हवा आणि पाणी लागताच त्यापासून हिराकस व गंधकाम्ल तयार होते. मेघालयातल्या कोळशात गंधक फार, त्यामुळे तिथले ओढे आंबट होऊन मासे मेले. आपल्या गोंडवाना कोळशात ते कमी, त्यामुळे तितका अनर्थ सहसा होत नाही, परंतु क्षारांनी पाणी जड होते, डाळ शिजेनाशी होते, आणि सुरुंगाच्या दारूतले नायट्रेट वर भर घालते. त्याहून डोळ्यांवर येते ती उकरलेली माती. खडक फोडला की फुगतो. खड्ड्यात न मावणारी रास बाहेर टेकडी होऊन बसते आणि पहिल्याच मोठ्या पावसात ओघळू लागते. इरई नदीच्या काठावर असे ढिगारे उभे राहिले, पात्र गाळाने उथळ झाले, आणि इरई-झरपटीच्या संगमावर वसलेल्या चंद्रपुरात पुराची गोष्ट निघाली की या ढिगाऱ्यांचे नाव निघतेच. एकाच खाणीने उन्हाळ्यात विहीर आटवावी आणि पावसाळ्यात नदी फुगवावी!

कोळसा संपला की पंप उचलून नेतात. खड्डा हळूहळू भरतो, त्याचा अथांग तलाव होतो, आणि काही वर्षांनी शेजारच्या विहिरींत पाणी परततेही. मात्र ते आता उकरून एकमेकांत मिसळलेल्या दगडमातीतून आलेले असते आणि त्याची चव जुन्या माणसांना ओळखू येत नाही. मधल्या काळात सातबारा मात्र बदललेला नसतो: पीकपाहणीत जलसिंचनाच्या साधनाच्या रकान्यात दरसाल लिहिलेले असते, ‘विहीर’.