सर्वांत मोठा पहिलवान कोण?

आमच्या देवळा परिसरात यात्रांचा हंगाम सुरू झाला, की मुलांचे अर्धे लक्ष पुस्तकात आणि अर्धे कुस्त्यांच्या दंगलीत असते. अशाच एका यात्रेच्या दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेलो, तर मुलांचा वाद अगदी रंगात आला होता.

"सर, तुम्हीच सांगा. जगातला सर्वांत मोठा पहिलवान गामाच ना?" एकाने विचारले.

"नाही सर," दुसरा म्हणाला, "मुष्टियुद्धातला मुहंमद अली सर्वांत मोठा."

"पण ऑलिंपिकचे पदक आणले ते खाशाबा जाधवांनी! गामाने कुठे आणले?" तिसऱ्याने मुद्दा काढला.

इतक्यात पहिल्या बाकावरचा एक किरकोळ अंगाचा मुलगा उभा राहिला. आदल्या दिवशी त्याला दंगलीत जोडच मिळाली नव्हती. तो हळूच म्हणाला, "सर, मोठा पहिलवान व्हायला अंगानेही मोठे असावे लागते का?"

वर्ग हसला. पण मला वाटले, खरा प्रश्न याच मुलाने विचारला आहे. विद्यार्थी मित्रांनो, त्या दिवशी आम्ही व्याकरणाचा तास बाजूला ठेवला आणि या प्रश्नाचा विचार केला. तोच विचार येथे मांडला आहे.

प्रथम शब्दांकडे पाहा. कुस्ती, पहिलवान, पेच हे शब्द फारसीतून मराठीत आले. तुमचा 'उस्ताद' मराठी आखाड्यात 'वस्ताद' झाला. 'रुस्तुम-ए-हिंद' आणि 'हिंद केसरी' या दोन्ही पदव्यांचा हेतू एकच, देशातला श्रेष्ठ मल्ल कोण हे सांगणे. म्हणजे श्रेष्ठ कोण, हा वाद जुनाच आहे.

दंगलीत हा वाद पंच रोजच सोडवतात. दोन मुले समोर आली, की पंच त्यांची उंची, खांदे आणि मांड्या पाहतात आणि जोड लावतात. लहान मुलांच्या कुस्त्या आधी होतात, मोठ्या बक्षिसाची कुस्ती शेवटी होते. ही एक प्रकारची क्रमवारीच असते. ती चुकली, तर निकाल मातीत लगेच दिसतो. पण जे मल्ल वेगवेगळ्या काळात होऊन गेले, त्यांची जोड कशी लावणार? त्यासाठी काही कसोट्या ठरवाव्या लागतात.

पहिली कसोटी जय-पराजयाची. अमेरिकेचा मुष्टियोद्धा रॉकी मार्सियानो 49 लढती खेळला आणि सर्व जिंकला. मुहंमद अलीने 56 लढती जिंकल्या आणि 5 गमावल्या. केवळ आकडे पाहिले, तर मार्सियानो वरचढ ठरतो. तरीही अनेक जाणकार अलीला पहिले स्थान देतात. असे का?

याचे उत्तर दुसऱ्या कसोटीत आहे. समोर कोण होते, हेही पाहावे लागते. अलीने 1964 साली सनी लिस्टनला आणि 1974 साली जॉर्ज फोरमनला हरवले. दोघेही त्या वेळी जगज्जेते होते आणि दोघांची दहशत मोठी होती. शिवाय 1967 साली युद्धात जाण्यास नकार दिल्यामुळे अलीचे जगज्जेतेपद काढून घेण्यात आले. ऐन उमेदीची सुमारे साडेतीन वर्षे त्याला खेळता आले नाही. ती वर्षे आकड्यांत दिसत नाहीत.

तिसरी कसोटी टिकून राहण्याची. जो लुई 1937 पासून 1949 पर्यंत जगज्जेता होता. या काळात त्याने आपले पद 25 वेळा राखले. एकदा शिखर गाठणे वेगळे आणि तेथे जवळजवळ बारा वर्षे उभे राहणे वेगळे.

संगणकाने हा वाद मिटेल, असेही काहींना वाटले. 1969 साली मार्सियानो आणि अली यांची माहिती संगणकाला देऊन त्यांची कल्पित लढत चित्रित करण्यात आली. अमेरिकेत दाखवलेल्या चित्रपटात मार्सियानो जिंकला. युरोपात दाखवलेल्या चित्रपटात मात्र अली जिंकला! माणसांचा वाद यंत्रालाही सोडवता आला नाही.

आता आपल्या कुस्तीकडे वळू. गामा म्हणजे गुलाम मुहंमद बक्ष. 1910 साली तो लंडनला गेला, तेव्हा त्याची उंची कमी म्हणून त्याला स्पर्धेत घेईनात. तेव्हा त्याने इतर मल्लांना जाहीर आव्हान दिले. शेवटी पोलंडचा धिप्पाड मल्ल झबिस्को याच्याशी त्याची कुस्ती झाली. सुमारे अडीच तास झबिस्को बहुतेक वेळ पालथा पडून राहिला आणि निकाल लागला नाही. पुन्हा कुस्ती ठरली, त्या दिवशी तो आलाच नाही. 1928 साली पतियाळात दोघे पुन्हा भिडले. या वेळी गामाने त्याला मिनिटभराच्या आत चीत केले.

मग गामाने ऑलिंपिक पदक का आणले नाही? त्याची कुस्ती व्यावसायिक होती आणि त्या काळी ऑलिंपिकमध्ये हौशी खेळाडूंनाच प्रवेश असे. जी स्पर्धा त्याच्यासाठी खुलीच नव्हती, तिचे पदक नाही म्हणून त्याला कमी लेखणे योग्य नाही. नियम आणि काळ ही चौथी कसोटी झाली.

माती आणि गादी यांतही असाच फरक आहे. मातीतली जुनी कुस्ती चीतपट होईपर्यंत चाले. गादीवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात आणि गुण मोजतात. एकीकडे दम लागतो, दुसरीकडे चपळाई. म्हणूनच 'महाराष्ट्र केसरी'साठी गादी विभागाचा विजेता आणि माती विभागाचा विजेता यांची अखेरची लढत लावतात.

पाचवी कसोटी वजनाची. 1962 साली जकार्ता येथील आशियाई स्पर्धेत मारुती माने आणि गणपत आंदळकर या आपल्या दोन्ही मल्लांनी प्रत्येकी एक सुवर्ण आणि एक रौप्य पदक मिळवले. दोघेही भारी वजनाचे आणि दोघेही हिंद केसरी. लोकांच्या तोंडी अशाच मल्लांची नावे आधी येतात, कारण मैदानातली शेवटची कुस्ती त्यांची असते.

पण आता खाशाबा जाधव यांच्याकडे पाहा. सातारा जिल्ह्यातील कराडजवळचे गोळेश्वर हे त्यांचे गाव. 1948 साली लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. 1952 साली हेलसिंकीला जायचे, तर पैसे नव्हते. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डीकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. खाशाबांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते. गावी परतल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली.

त्यांचा वजनगट होता 57 किलो! हे सांगताच पहिल्या बाकावरचा तो मुलगा ताठ बसला.

पुढे काय झाले, हेही सांगायला हवे. खाशाबा पोलीस खात्यात नोकरी करीत राहिले. 1984 साली अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला, तो मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी. आपण क्रमवारी लावतो, तेव्हा केवळ गंमत करीत नाही. कोणाला आठवायचे आणि कोणाला विसरायचे, हेही ठरवीत असतो. कसोटी एकांगी असेल, तर एखाद्या गुणी माणसावर अन्याय होतो.

मुलांनी शेवटी माझे मत विचारले. मी म्हणालो, "समोरच्याला चीत करण्याची ताकद ही कसोटी धरली, तर मी गामाला पहिला मानीन. अडचणींवर मात ही कसोटी धरली, तर खाशाबांना. तुमचे मत वेगळे असू शकते. मात्र आधी कसोटी सांगा, मग नाव सांगा."

वाद कसा संपवावा, याचेही एक उदाहरण आहे. जानेवारी 2020 मध्ये नाशिक जिल्ह्याकडून खेळणाऱ्या हर्षवर्धन सदगीरने लातूरच्या शैलेश शेळकेला हरवून महाराष्ट्र केसरीची गदा जिंकली. दोघे एकाच वस्तादाचे चेले. निकाल लागताच हर्षवर्धनने शैलेशला खांद्यावर उचलून घेतले. त्या दिवशी श्रेष्ठ कोण, हे गुणांनी ठरले होते. पण टाळ्या दोघांनाही मिळाल्या.

स्वाध्याय

1. श्रेष्ठ मल्ल ठरवण्याच्या कोणत्या पाच कसोट्या पाठात आल्या आहेत?
2. गामाकडे ऑलिंपिक पदक नाही म्हणून त्याला कमी लेखणे योग्य का नाही?
3. मातीतील कुस्ती आणि गादीवरील कुस्ती यांतील फरक सांगा.
4. तुमच्या आवडत्या खेळातील श्रेष्ठ खेळाडू कोण? आधी कसोटी लिहा, मग नाव लिहा.